कुटुंबाच्या मापाचे अनाथगृह

निराश्रित मुलांना शेकड्यांनी एका प्रशस्त इमारतीत ठेवावे आणि घंटेच्या ठोक्यावर उठवावे, जेवू घालावे, निजवावे, असा शिरस्ता युरोपात रूढ असताना, हाम्बुर्गजवळील होर्न येथे १८३३ साली योहान विशर्न या पंचविशीतल्या धर्मशास्त्राभ्यासी तरुणाने एका जुन्या गवती छपराच्या घरात मुलांसह बिऱ्हाड थाटले. मुलांची संख्या वाढली तेव्हा मूळ घराला ओवऱ्या न जोडता त्याने निराळी घरे बांधविली आणि सुमारे बारा मुलांचे एकेक ‘कुटुंब’ तेथेच या कामाचे शिक्षण घेणाऱ्या एकेका ‘भावा’च्या हवाली केले. नाताळ किती दिवसांवर आला, ही मुलांची भुणभुण शमविण्यासाठी त्याने गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लाविल्या, रोजच्यासाठी लहान तांबड्या, रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, आणि दररोज एक पेटविण्याची तजवीज केली. या चाकाची आठवण संस्थेच्या दप्तरापेक्षा अधिक टिकली, हेही खरेच.

लंडननजीक बार्किंगसाइड येथे निराश्रित मुलांसाठी संस्था चालविणाऱ्या बर्नार्डोने १८७६ मध्ये मुलींसाठी अशाच छोट्या घरांचे गाव वसविले, प्रत्येक घरी एक ‘आई’ नेमून. मात्र त्याच गृहस्थाच्या संस्थेने हजारो मुले, कित्येकांचे आईबाप हयात असताना, कॅनडात रवाना केली.