न झालेल्या भाषणाचे श्रोते

लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला बाबासाहेबांचे अध्यक्षीय भाषण पचले नाही आणि १९३६ साली परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले, १५०० प्रती काढल्या. गांधीजींनी ‘हरिजन’मधून आक्षेप घेतले, १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते आक्षेप आणि बाबासाहेबांचे उत्तर, दोन्ही आले.

पुढे कोलंबिया विद्यापीठाने हाच ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ टिपांसह इंटरनेटवर आणला. लाहोरात जे ऐकू दिले नाही, ते आज वस्तीतला विद्यार्थी मोबाईलवर वाचतो, त्यावर आपले म्हणणे जगापुढे मांडू शकतो. ज्ञानाच्या मक्तेदारीला बसलेला हा तडाखा लहान नाही.

पण २०२० च्या टाळेबंदीत वर्ग ऑनलाइन झाले, तेव्हा स्मार्टफोन नसलेल्या घरांतली मुले बाहेर फेकली गेली. ही नवी ज्ञानबंदीच! आणि ज्यांच्या हाती फोन आहे, त्यांच्यापैकी किती जण १४ एप्रिलला फोटो पुढे पाठवण्यापलीकडे जातात?

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहारात एक संगणक आणि इंटरनेट हवे. रविवारी वंदनेनंतर एक परिच्छेद वाचावा, पोरांनी शंका काढाव्यात, मोठ्यांनी उत्तरे शोधावीत. जयंतीच्या डीजेची वर्गणी इकडे वळवली तरी सुरुवात होईल.