चोरासाठी टाळ्या का?

नीरज पांडे यांचा 'स्पेशल २६' (२०१३) बघताना आपण चोरांच्या बाजूने का होतो? कारण त्यांची तयारी आपण त्यांच्या शेजारी बसून बघतो. म्हणजे साथीदारच झालो की! लुटला जाणारा श्रीमंत, त्यामुळे मनाला टोचणीही नाही.

आता मूळ घटना बघा. मार्च १९८७, मुंबईत ऑपेरा हाउसचं त्रिभोवनदास भीमजी झवेरी. एका तोतया सीबीआय अधिकाऱ्याने जाहिरात देऊन उमेदवार नेमले, त्यांना घेऊन 'छापा' घातला आणि दागिन्यांसह पसार झाला. ते उमेदवार नोकरी लागली म्हणून आले होते. ठाणे-डोंबिवलीहून नोकरीसाठी लोकलला लटकणाऱ्यांना यातली मेख लगेच कळेल. सराफाचे दागिने गेले. त्यांचा विश्वास गेला. त्याची लूट आपण मोजतच नाही.