पांढरा संगमरवर, काळा पाषाण

धार आणि देवास ही नावे पवारांमुळे मराठी माणसाच्या तोंडी जोडीने येतात. दगडांच्या बाबतीत मात्र ही जोडी विजोड आहे. धारजवळ मांडूच्या गडावर होशंगशहाची संगमरवरी कबर १४४० च्या सुमारास पुरी झाली. देवासची टेकडी आहे ती माळव्याच्या काळ्या पाषाणाची. एक दगड पांढरा आणि दुसरा काळा, असे का व्हावे?

नवल असे, की संगमरवर ज्या कॅल्साइट नावाच्या खनिजाचा बहुधा बनतो, त्याचा शुद्ध स्फटिक पांढरा नसतोच. तो काचेसारखा पारदर्शक असतो. असा खडा वर्तमानपत्रावर ठेवला, तर खालचे प्रत्येक अक्षर दोनदा दिसते. एरास्मस बार्थोलिन या डॅनिश पंडिताने हा प्रकार १६६९ साली वर्णन केला. (शहाजहानच्या वास्तुविशारदांनी होशंगशहाच्या कबरीला भेट दिल्याचा, तिच्या द्वारावरील लेख त्याच्या दहाच वर्षे आधीचा, १६५९ चा आहे.) कारण कळावयास मात्र अडीचशे वर्षे लागली. लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१४ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने या स्फटिकातील अणूंची मांडणी शोधून काढली.

कर्बाच्या प्रत्येक अणूभोवती प्राणवायूचे तीन अणू त्रिकोण करून बसलेले असतात, आणि हे सारे त्रिकोण एकमेकांस समांतर असतात. प्रकाश म्हणजे विद्युत्कंपन. ते कंपन त्रिकोणाच्या पातळीत असेल, तर प्राणवायूच्या अणूंतील विद्युत्कण परस्परांच्या हालचालीस साहाय्य करतात व प्रकाश अधिक मंदावतो. पातळीला लंब असेल, तर ते एकमेकांस विरोध करतात. म्हणून एकाच खड्याला १.६५८ आणि १.४८६ असे दोन वक्रीभवनांक असतात, आणि किरण दुभंगतो. केवळ अणूंच्या स्थानांवरून हे आकडे कसे निघतात, ते ब्रॅग यांनीच १९२४ मध्ये गणिताने दाखविले.

संगमरवर म्हणजे अशा असंख्य कणांची दाटी. परंतु प्रत्येक कणाचे तोंड निराळ्या दिशेला. एका कणातून दुसऱ्यात शिरताना प्रकाशाचा वक्रीभवनांक बदलतो, तो थोडा वळतो, थोडा परततो. कोणताही रंग फारसा गिळला जात नाही. सगळेच मिसळून बाहेर येतात आणि दगड पांढरा दिसतो. प्रकाश काही अंतर आत जाऊन परतत असल्याने त्याला ती मऊ झळाळीही येते. पिठीसाखर पांढरी दिसते ती कणांमधील हवेमुळे. संगमरवरात तशी हवा नसते. मिठाच्या घनाकृती स्फटिकाला सर्व दिशा सारख्या. त्याचे कण असे बिनफटीचे जुळविले, तर तो ठोकळा पारदर्शकच राहील.

देवासच्या पाषाणाची गोष्ट वेगळी. त्यातील फेल्डस्पार जवळजवळ रंगहीन असते. काळेपणा येतो तो लोहामुळे. मॅग्नेटाइटमधील लोहाचे अणू दोन निरनिराळ्या विद्युद्‍भारांचे असतात. एकावरून दुसऱ्यावर जाताना त्यांचे विद्युत्कण सर्वच रंगांचा प्रकाश शोषून घेतात. हाच पाषाण घासून ०.०३ मिलिमीटर जाडीचा केला, तर सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा बराच भाग पारदर्शक दिसतो. मॅग्नेटाइटचे ठिपके तेवढे काळेच राहतात.