पोट्टे आळशी नाहीत, राजेहो

नागपूरजवळच्या बुटीबोरीत एका कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या चहाटपरीवर एक मॅनेजर मला सांगत होते, "इकडचे पोट्टे आळशी आहेत हो. डोक्यावर उभं राहिल्याशिवाय हात हालत नाही." वर्षानुवर्षं हेच ऐकतोय, आणि बोलणारा बहुतेक वेळा काटोल-उमरेडकडचाच असतो! तेच पोट्टे पुण्यात बारा-बारा तास राबतात. मग हा आळस काय पुण्याच्या गाडीतून बडनेरा स्टेशनवर उतरतो?

तक्रार मात्र जुनी आहे. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. आर. एम. लाला यांच्या 'द क्रिएशन ऑफ वेल्थ'मध्ये नोंद आहे, की तिथे रोज साधारण पाचातला एक कामगार गैरहजर असे. मुंबईपेक्षा बरंच जास्त. आजचा एचआरवाला लगेच पगार कापतो. जमशेटजींनी आणि त्यांचे मॅनेजर बेझनजी मेहता यांनी आधी कामावर यावंसं वाटेल असं काही दिलं. खेळांचे सामने ठेवले, बक्षिसं वाटली. १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी काढला, १८९५ पासून अपघाताची भरपाई सुरू केली. देशात भरपाईचा कायदा आला तो १९२३ मध्ये. टाटा धर्मादाय करत नव्हते; रिकामं यंत्र महाग पडतं, हा साधा हिशोब होता. आणि सगळं गोडीगुलाबीनं चाललं असंही नाही. पुढे कामगार नेते रुईकर यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या गिरणी कामगारांनी संपही केले.

आता 'डोक्यावर उभं राहण्या'च्या धाकाचं आधुनिक रूप बघा. एका कारखान्यात सकाळी अंगठ्याच्या मशीनसमोर रांग होती. ग्रीस लागून लागून गुळगुळीत झालेला एका फिटरचा अंगठा मशीन घेईना. तीनदा पुसला, चौथ्यांदा शर्टावर घासला. तोवर वेळ टळली, अर्धा दिवस कापला. महिनाअखेर अहवालात हाच माणूस 'अनियमित'!

नोकरीबद्दलचे बाकीचे गैरसमज पटकन उरकतो.

'मॅनेजर' पदनाम मिळालं की कामगार कायद्याचं संरक्षण संपलं? नाही. पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा मुख्य काम कोणतं, हे न्यायालय बघतं.

राजीनामा दिला की ग्रॅच्युइटी बुडाली? सलग पाच वर्षं भरली असतील तर राजीनाम्यानंतरही मिळते.

आणि पीएफ ही मालकाची मेहेरबानी? १८८६ मध्ये असला निधी मालकाच्या मर्जीवर होता. १९५२ पासून कायदा आहे.