आभाळाची आंब

पोरांनो, थंडीतल्या पहाटे मेडशीच्या शिवारात हरभऱ्याच्या वावरातून चालून पाहा. दवानं पाय भिजतात, पोटऱ्या चुरचुरतात. पान जिभेवर ठेवलं तर आंबट लागतं. ही हरभऱ्याची आंब. माझी आजी रात्री पिकावर पांढरं फडकं अंथरायची आणि सकाळी पिळून बाटलीत भरायची. पोट दुखलं की चमचाभर द्यायची. हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते. तिच्यातून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं, त्याची ही चव.

आता धुऱ्यावर उभं राहून पलीकडचं सागाचं जंगल बघा. जंगलालाही आंब असते. ती पानावर नाही, आभाळात धरते.

कशी, ते ऐका. ऊन तापलं की कित्येक झाडं पानांतून आयसोप्रीन नावाचा वायू सोडतात. चटक्यापासून पान सांभाळायचा हा त्यांचा उपाय. जगभरची झाडं वर्षाला सुमारे 50 कोटी टन आयसोप्रीन सोडतात. हवेत त्याची मोडतोड होते आणि फॉर्माल्डिहाइड तयार होतं. ते ढगाच्या थेंबात शिरतं, पाण्याशी जुळतं, पुन्हा हवेत येतं आणि त्याचं फॉर्मिक आम्ल होतं. ढगातली ही करामत शास्त्रज्ञांनी 2021 साली उलगडली. मुंगळा चिडला की हेच आम्ल फवारतो. लॅटिनमध्ये मुंगीला फॉर्मिका म्हणतात, तिचंच नाव याला मिळालं.

2012 साली उपग्रहाच्या नोंदींवरून हिशेब निघाला: जगात वर्षाला 10 ते 12 कोटी टन फॉर्मिक आम्ल तयार होतं, आणि त्यातलं 90 टक्के झाडझाडोऱ्याचं. ॲमेझॉनसारख्या उष्ण, दाट जंगलांवर तर त्याच्यासोबत शिरक्यातलं ॲसेटिक आम्लही तरंगत असतं.

मातीचा सामू, म्हणजे आंबटपणाचं माप, तपासतात, तसा पावसाचाही तपासतात; सामू जितका कमी, तितका आंबटपणा जास्त. शुद्ध पाण्याचा सामू 7. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरला की पावसाचा 5.6 होतो. कारखान्यांपासून दूर, घनदाट जंगलावर तो 5 च्या आसपास उतरतो, तो या आंबेमुळं.

पण भिऊ नका. ही आंब ढगातले आणि मातीतले जिवाणू खाऊन टाकतात. कोळशाच्या धुरातून येणारं गंधकाचं आम्ल तसं सरत नाही. ते माती आणि पाणी नासवतं. जंगलाची आंब जिरते, धुराची साचते. म्हणून पोरांनो, जंगल राखा आणि धूर आवरा.