सांचीची तोरणे आणि पडद्यावरचे मौर्य नगर

वास्कोहून निघालेली गोवा एक्सप्रेस भोपाळ स्थानक सोडून झाशीच्या दिशेने धावू लागली की थोड्याच वेळात सांचीची टेकडी दिसते. टेकडीवरचा स्तूप गोमंतकीय प्रवाशाला अनोळखी वाटण्याचे कारण नाही. दोनशे रुपयांच्या नव्या नोटेच्या मागील बाजूस तोच छापलेला आहे. मात्र या स्तूपाच्या तोरणांवरील शिल्पे आज एका वेगळ्याच कामी येऊ शकतात. ते काम म्हणजे संगणकावरच्या एका विनामूल्य युद्धखेळात उभे राहणारे मौर्यकालीन नगर अधिक खरे करणे.

‘झिरो ए.डी.’ हे या खेळाचे नाव. इसवी सनाच्या गणनेत शून्य हे वर्षच नाही, आणि नावातला हा खोडकरपणा हेतुपुरस्सर आहे. इसवी सनापूर्वीच्या पाच शतकांतील ग्रीक, रोमन, पर्शियन, कार्थेजियन अशा सत्ता यात आहेत आणि त्यांच्या पंक्तीला मौर्यही आहेत. खेळाडूने धान्य, लाकूड, दगड व धातू गोळा करायचे, नगर वसवायचे, सैन्य उभारायचे आणि प्रतिपक्षाला नमवायचे. चंद्रगुप्त, अशोक आणि चाणक्य हे मौर्यांचे नायक आहेत. ओझी वाहणारा कामकरी हत्ती हे त्यांचे खास वैशिष्ट्य. कलिंगयुद्धानंतर पश्चात्ताप कोरून ठेवणारा अशोक युद्धखेळाचा नायक व्हावा, हा विरोधाभास कोणाच्याही लक्षात येईल. खेळात अशोकाचा स्तंभही बांधता येतो.

या खेळाची कल्पना २००१ मध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स’ या गाजलेल्या व्यापारी खेळाला जोड म्हणून पुढे आली. पुढे तिला स्वतंत्र खेळाचे रूप आले आणि २००९ मध्ये ‘वाइल्डफायर गेम्स’ या स्वयंसेवकांच्या गटाने सारी आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. आज्ञावली ‘जीपीएल’ परवान्याखाली, तर चित्रे, प्रतिकृती व संगीत ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली आहे. म्हणजे कोणीही ती पाहावी, बदलावी, वाटावी. बदललेली वस्तू मात्र त्याच अटींवर इतरांना खुली ठेवावी. मालक नाही, पगार नाही, विक्री नाही. त्याची किंमत वेळेच्या रूपाने मोजावी लागते. मे २०१८ च्या आवृत्तीनंतरची पुढची आवृत्ती यायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. २०१३ मध्ये लोकवर्गणीतून १,६०,००० डॉलर उभारण्याचा प्रयत्न झाला. हाती सुमारे ३३,००० डॉलर आले. नोकरी, परीक्षा, संसार यांतून उरलेल्या संध्याकाळींवर हे काम चालते. माणसे येतात, थकतात, जातात. जानेवारी २०२५ च्या आवृत्तीला मिळालेले नाव मात्र आपल्याकडचे आहे: ‘अग्नी’.

अशा प्रकल्पाला प्रोग्रामर हवेत हे उघडच आहे. त्याहून दुर्मीळ असतो तो पुराव्याचा जाणकार. ग्रीक मंदिरांवर आणि रोमन सैन्यावर युरोपीय भाषांत ग्रंथांचे ढीग आहेत. मौर्यांचे तसे नाही. पाटलीपुत्राभोवती लाकडी तट होता, त्याला ५७० बुरूज आणि ६४ दरवाजे होते, असे मेगॅस्थेनिसच्या आधारे सांगितले जाते. पाटण्याच्या बुलंदीबागेत त्या लाकडी तटाचे अवशेषही मिळाले. लाकूड कुजते, जळते. तो तट, ते सज्जे, ती छपरे दिसत कशी होती, हे डोळ्यांना दाखवणारा मोठा आधार सांचीच्या दगडात आहे.

दक्षिण तोरणाच्या मागील बाजूच्या खालच्या तुळईवर कुशीनगरचा वेढा कोरला आहे. बुद्धाच्या अस्थींवरून झालेल्या संघर्षाचा तो प्रसंग. त्यात तटबंदी आहे, वेशीवरचे मजले आहेत, अर्धगोल पिंपासारखी छपरे आहेत, सज्जातून लढणारे लोक आहेत, हत्ती, घोडे, रथ आणि धनुर्धर आहेत. पर्सी ब्राऊन या वास्तुइतिहासकाराने प्राचीन नगरद्वाराचे कल्पनाचित्र अशाच शिल्पांवरून रेखाटले. संगणकावर नगर उभारणाऱ्याला छपराचा बाक, खांबांमधले अंतर, सज्जाची उंची ठरवावीच लागते. ते ठरवताना मुघल धाटणीचे घुमट आणि मिनार डोकावले, तर खेळणाऱ्या मुलाच्या मनात मौर्य नगर तसेच ठसते. पाठ्यपुस्तकातील दोन परिच्छेद ते पुसू शकत नाहीत.

येथे सावधपणाही हवा. अशोकाने सांचीला बांधला तो विटांचा स्तूप. त्यावर दगडी आवरण चढले ते नंतर, आणि तोरणे तर इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील, सातवाहनांच्या काळातील. म्हणजे शिल्पकार आणि अशोक यांच्यात दोन शतकांचे अंतर आहे. दगडात दिसले म्हणून मौर्यकालीन, असे म्हणता येत नाही. या शिल्पांतील हत्तींवर स्वार अंबारीविना, थेट पाठीवर बसलेले दिसतात. मग खेळातील हत्तीला अंबारी द्यावी काय? अरियन हा ग्रीक लेखक सांगतो, की भारतीय धनुष्य माणसाच्या उंचीचे असे आणि ते जमिनीवर टेकवून डाव्या पायाने दाबून ओढले जाई. तशी हालचाल पडद्यावर करून दाखवायची की नेहमीचा धनुर्धर ठेवायचा? असे प्रश्न वाद घालूनच सुटतात आणि त्या वादात पुरावा मांडणाऱ्याचा शब्द वजनदार ठरतो.

भोपाळपासून सांची पन्नास किलोमीटरच्या आत आहे. तेथून दहा किलोमीटरवर विदिशा आणि तिला लागून बेसनगर. तक्षशिलेच्या ग्रीक राजाचा दूत हेलिओडोरस याने वासुदेवासाठी उभारलेला गरुडस्तंभ तेथे अजून उभा आहे. ग्रीक आणि भारतीय एकाच नकाशावर वावरतात, या खेळातील कल्पनेला इतका चोख पुरावा दुसरीकडे शोधूनही सापडणार नाही. भोपाळमध्ये वास्तुशास्त्र आणि अभियांत्रिकीचे शिक्षण देणाऱ्या राष्ट्रीय संस्था आहेत. सकाळच्या गाडीने जाऊन तोरणाची छायाचित्रे घ्यावीत, प्रमाणे टिपावीत आणि रात्री ‘ब्लेंडर’ या विनामूल्य साधनात वेशीची प्रतिकृती घडवावी, हे तेथल्या विद्यार्थ्याला सहज शक्य आहे. दुसऱ्या खेळातून उचललेली चित्रे मात्र चालत नाहीत. परवान्याच्या बाबतीत हे लोक कडक असतात आणि ते योग्यच आहे.

आज्ञावलीचे काम वेगळ्या शिस्तीचे. खेळाचे यंत्र ‘सी प्लस प्लस’ भाषेत आहे, तर नियम आणि संगणकाचा प्रतिस्पर्धी ‘जावास्क्रिप्ट’मध्ये. अनेकजण एकत्र खेळतात तेव्हा प्रत्येकाच्या संगणकावर संपूर्ण लढाई स्वतंत्रपणे मोजली जाते. इंटरनेटवरून जातात त्या केवळ खेळाडूंच्या आज्ञा. मडगावच्या आणि भोपाळच्या संगणकाने हत्तीची जागा दशांशाच्या शेवटच्या अंकापर्यंत एकसारखीच काढली पाहिजे. किंचित फरक पडला, तर एकाकडे हत्ती वेस फोडतो आणि दुसऱ्याकडे वाटेतच मरतो. पुढची सारी लढाई निरर्थक होते. म्हणून येथे नेहमीची अपूर्णांक-गणना टाळून ठरावीक स्थानांची गणना वापरतात. नवख्याचा बदल इतरांनी तपासून, प्रश्न विचारून, दोन-तीनदा परत पाठवून मगच स्वीकारला जातो, त्याचे एक कारण हेही आहे. पहिल्या नकाराने पुष्कळजण रुसून निघून जातात. टिकणारा पुढे इतरांचे काम तपासू लागतो.

हत्तीचा वेग, सैनिकाची किंमत, इमारतीचे नाव असल्या गोष्टी साध्या मजकुराच्या फायलींत असतात. त्या वाचायला प्रोग्रामर असावे लागत नाही. मौर्य सैनिकांची आणि इमारतींची संस्कृत नावे रोमन लिपीत, ऱ्हस्व-दीर्घाच्या खुणांसह दिलेली आहेत. शाळेत संस्कृत घेतलेल्या गोव्यातील एखाद्या वाचकाला त्यांत खटकणारे रूप दिसले, तर योग्य रूप, त्याचा आधार आणि फाईलचे नाव एवढे कळवणे हीच त्याची पहिली मदत ठरेल. त्यासाठी आधी खेळ उतरवून घ्यावा आणि मौर्यांच्या बाजूने चार डाव खेळावेत.