आठ अंशांचा खडक

नरकचतुर्दशीच्या पहाटे आडातून पोहरा वर आला की पाण्यावर वाफ तरंगताना दिसायची. बाहेर अंगावर काटा, आणि पाणी मात्र कोमट. आजी म्हणायची, "जमिनीच्या पोटात ऊब असते गं बाई." वैशाखात त्याच आडाचं पाणी घशाखाली गेलं की जीव निवायचा, तेव्हा तीच म्हणायची, "जमिनीच्या पोटात गारवा असतो." दोन्ही वेळा थर्मामीटर सोडून पाहिला असता, तर पारा जवळजवळ त्याच रेघेवर थांबला असता. पाणी होतं तसंच होतं, बदलायची ती बाहेरची हवा.

आडाच्या या गमतीवर स्वीडनमधली लाखो घरं थंडीचे सहा-सात महिने काढतात. तिथे तिला 'बॅर्यवॅर्मे' म्हणतात. बॅर्य म्हणजे खडक, वॅर्मे म्हणजे ऊब.

'भूऔष्णिक' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वज्रेश्वरीची कुंडं किंवा उन्हवरेचे झरे येतात. ते खरं चित्र आइसलँडचं. रेक्याविकमधल्या लाउगावेगुर या मुख्य रस्त्याच्या नावाचा अर्थच 'झऱ्यांकडे जाणारी वाट'. बायका धुण्याची ओझी घेऊन या वाटेने गरम झऱ्यांवर जायच्या. 1930 साली त्याच भागातलं पाणी नळाने शहरातल्या एका शाळेत आणि काही डझन घरांत नेलं. आज त्या देशातली दहातली नऊ घरं अशा पाण्यावर तापतात आणि न्हाणीघरात उकडलेल्या अंड्याचा वास दरवळतो. ते ज्वालामुखीचं देणं आहे. स्वीडनच्या पायाखाली असलं काही नाही. आहे तो अतिप्राचीन, थंड झालेला ग्रॅनाइट आणि नाइस. स्टॉकहोमच्या आसपास शंभरेक मीटर खाली त्याचं तापमान असतं सात-आठ अंश सेल्सियस. दोन्हींना एकच नाव देतात आणि तिथेच वाचकाची फसगत होते. स्वीडिश घराला गरम जमीन लागतच नाही. तिला स्थिर राहता आलं की पुरे.

ऋतूंचा चढउतार दहा-पंधरा मीटरच्या खाली पोचत नाही. पॅरिसच्या वेधशाळेखाली 28 मीटर खोल तळघर आहे. अठराव्या शतकात रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिएने तिथे थर्मामीटर बसवला, तो उन्हाळा-हिवाळा जवळपास हललाच नाही. जमीन त्या-त्या गावाच्या वर्षभराच्या हवेची सरासरी धरून बसते. म्हणजे घराला मिळणारी ही ऊब बरीचशी मागल्या उन्हाळ्यांची, सूर्याचीच. पृथ्वीच्या गाभ्याचा वाटा थोडा.

पण आठ अंशांच्या खडकातून एकवीस अंशांची बैठकीची खोली कशी व्हावी? आपल्या फ्रिजच्या मागे हात लावून पाहा. आतलं दूध थंडच असतं, तरी त्यातली उष्णता ओढून फ्रिज ती मागे फेकतो, म्हणून तिथे गरम लागतं. हीट पंप म्हणजे हाच फ्रिज, फक्त दुधाच्या जागी अंगणाखालचा खडक. आतलं द्रव्य शून्याच्या बरंच खाली उकळतं, त्यामुळे त्याला आठ अंशही 'गरम' वाटतात. त्याची वाफ कॉम्प्रेसर दाबतो. सायकलला हवा भरताना पंपाची नळी तापते, तशी ती वाफ तापते आणि आपली उष्णता घरात फिरणाऱ्या पाण्याला देते. अशा यंत्राने इमारती तापवण्याची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ केल्व्हिनने 1852 मध्ये मांडली होती, आणि उष्णता जमिनीतून घेण्याचं पेटंट स्वित्झर्लंडमध्ये हाइनरिश झोएलीने 1912 मध्ये घेतलं. पण तेल आणि कोळसा स्वस्त असताना या खटाटोपात कोण पडणार? 1973 च्या तेलसंकटाने आयात तेलावर तापणाऱ्या स्वीडनला घाम फोडला, पुढे 1991 मध्ये कार्बन कर आला, आणि मग अंगणाअंगणात बोअरच्या गाड्या दिसू लागल्या.

ती बोअर आपल्या ओळखीचीच. तोच हवेच्या दाबावर धडधडणारा हॅमर, तोच टोकाचा बिट, वरच्या मातीत लोखंडी केसिंग, राखाडी चिखलाची पिचकारी. मात्र तो चिखल कंटेनरमध्ये धरतात, शेजाऱ्याच्या गुलाबांवर जाऊ देत नाहीत. भोक जेमतेम साडेचार इंचांचं आणि खोली दीडशे-दोनशे मीटर, म्हणजे पाचशे ते साडेसहाशे फूट. एक-दोन दिवसांत काम संपतं. मग तळाशी 'यू' आकारात वळलेली काळी प्लास्टिकची नळी वजन बांधून आत सोडतात. तिच्यातून पाणी आणि अल्कोहोलचं मिश्रण फिरतं, म्हणजे ते गोठत नाही. वर झाकण, झाकणावर हिरवळ. घरात उरतं ते फ्रिजएवढं, किंचित गुणगुणणारं कपाट.

या बोअरची ताकद फार नाही. खडक मीटरमागे तीस-चाळीस वॅट देतो. 180 मीटरच्या भोकात दर मीटरला एक जुना चाळीसचा पिवळा बल्ब टांगलाय असं समजा. पण ते बल्ब विझत नाहीत. एखाद्या जुन्या घराला वर्षाला 20,000 युनिट उष्णता लागते असं धरू. नुसत्या हीटरवर तेवढीच वीज जळेल. विजेच्या एका युनिटमागे उष्णतेची तीन, म्हणजे एकास तीन देणारा पंप असेल तर वीज 6,700 युनिट, बाकीचे 13,300 खडकाचे.

इथे एक मजेदार पेच आहे. पंधरा-वीस वर्षांनी पंप थकला की लोक नवा, एकास चार देणारा आणतात. वीज उतरते 5,000 वर. पण मग खडकातून 15,000 युनिट ओढावे लागतात आणि जुनी बोअर तोकडी पडते! भोकात नळीभोवती साचलेलं भूजल गोठू लागतं, बर्फ नळीला चेपतो. काटकसरी यंत्रासाठी बोअर आणखी खोल करावी लागते. शेजाऱ्याचाही प्रश्न असतोच: दोन बोअरमध्ये वीसेक मीटर अंतर ठेवायचा तिथे दंडक आहे, नाहीतर दोघं एकाच खडकाची ऊब ओरपतात.

उन्हाळ्यात काम उलटं. कॉम्प्रेसर बंदच, खडकातून आलेलं गार मिश्रण नुसतं फिरवलं की घर निवतं, आणि घरातली उष्णता खडकात जाऊन पुढच्या हिवाळ्याची बेगमी होते. स्टॉकहोमच्या आर्लांडा विमानतळावर हाच खेळ मोठ्या प्रमाणावर चालतो. तिथे जमिनीखालच्या वाळू-गोट्यांतल्या पाण्यात हिवाळ्याची थंडी उन्हाळ्यासाठी साठवून ठेवतात.

आपल्याकडे हे करता येईल का, असं कुणीतरी विचारणारच. मुंबई-कोकणात मला तरी ते पटत नाही. आपली जमीनच सत्तावीस-अठ्ठावीस अंशांची. वर्षभर तिच्यात घरची उष्णता ढकलत राहायची आणि परत घ्यायला हिवाळाच नाही, म्हणजे दरवर्षी ती आणखी तापणार.

खडक न ओळखता भोक पाडलं तर काय होतं, ते जर्मनीतल्या श्टाउफेनला विचारावं. तिथल्या जुन्या नगरपालिकेची इमारत उबदार करायला 2007 मध्ये 140 मीटरच्या सात बोअर मारल्या. खाली निर्जल जिप्समचा थर होता. दाबाखालचं भूजल भोकातून त्यात शिरलं, त्याचं साधं जिप्सम झालं आणि ते फुगलं. अख्खं जुनं गाव महिन्याला सेंटिमीटरच्या हिशेबाने वर उचललं जाऊ लागलं. अडीचशेहून जास्त घरांना तडे गेले. पुढे विहिरी खोदून पाणी उपसत बसावं लागलं, तेव्हा कुठे वेग मंदावला.

स्वीडनमध्ये बोअर मारणाऱ्याने प्रत्येक भोकाची नोंद सरकारी भूगर्भ खात्याला द्यायची, असा 1970 च्या दशकापासूनचा कायदा आहे. माती किती, खडक कुठे लागला, एकूण खोली किती. त्यात एक रकाना पाण्याच्या पातळीचा असतो. तिथे बोअर सिमेंटने न भरता भूजलानेच भरू देतात, आणि खडकाची ऊब नळीपर्यंत पोचते ती त्या पाण्यातून. वरच्या कोरड्या भोकात नुसती हवा, ती काही कामाची नाही. म्हणून बोअरची कामाची खोली जमिनीपासून धरत नाहीत, पाण्यापासून मोजतात. एक थेंब न उपसणारा तिथला घरमालकही गाडीवाल्याला तेच विचारतो, जे आपल्या शिवारात बांधावर उकिडवा बसलेला शेतकरी विचारतो: पाणी किती फुटांवर लागलं?